कुणी मारलं ते सांगा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धक्क्याला एक बोट लागली होती. पोटात लोखंडी पत्र्याची भेंडोळी. दुपारच्या सुट्टीत आमची टोळी डेकवर सावली धरून डबे सोडून बसलेली, तर दोन खलाशी शेजारी येऊन टेकले. एक फिलिपिनो, गळ्यात क्रूस. दुसरा गोरा, नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं, गळ्यात वर्तुळात बसवलेली पाच टोकांची चांदणी. आमच्यातला एक जण कानाशी लागला, ‘हे सैतानाचं लॉकेट, पिच्चरमध्ये असतं ते.’ मी माझ्या मॅट्रिकच्या इंग्रजीत सरळ विचारलं, सैतान? पोरगं हसलं. म्हणालं, सैतान मानायचा तर आधी बायबल मानावं लागतं. आपण ते मानत नाही. आपण विच.

म्हणजे चेटक्या. जातीनं नव्हे, धर्मानं चेटक्या! टोळी खो खो हसली. मी फिलिपिनोच्या क्रुसाकडं बोट केलं आणि विचारलं, मग हा तुला कसा वाटतो? पोरगं जरा थांबलं. ‘माणूस बरा,’ म्हणालं, ‘संगत वाईट.’

मला वाटलं आता फिलिपिनो त्याची गचांडी धरतो. त्यानं नुसता क्रूस शर्टात टाकला आणि बिस्किटाचा पुडा पुढं केला.

हे वाक्य डोक्यात जे घुसलं ते पाळी संपली, खोलीवर आलो तरी निघेना. मग हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर, लायब्ररीत, मोबाइलवर, जिथं मिळेल तिथं या चेटक्यांविषयी वाचत सुटलो. डिक्शनरी उशाला घेऊन. तुम्ही म्हणाल, वस्तीतल्या नळाला पाणी नाही आणि हा गोऱ्या चेटक्यांचं काय घेऊन बसलाय. थांबा जरा दोस्तहो. आपण धर्म सोडलेली माणसं. दुसरं कुणी बापजाद्यांचा धर्म सोडून चाललं की त्यानं मागं काय टाकलं आणि बरोबर काय घेतलं, ते गाठोडं उघडून बघायची आपल्याला खोड आहे. ही युरोप-अमेरिकेतली पोरं चर्च सोडून निघालीत. चर्च टाकलं. पण चर्चच्या आत खिळ्यांवर लटकलेला एक सुतार आहे, त्याचं काय करायचं, इथं त्यांची गाडी अडलीय.

आधी ही मंडळी कोण ते सांगतो. त्यांच्या धर्माचं नाव विक्का. नाव जुनं, धर्म नवा. जेराल्ड गार्डनर नावाचा इंग्रज (१८८४–१९६४) मलायात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होता, कस्टमवाला. कस्टमवाला म्हटल्यावर आम्ही डॉकवाले जरा सावधच होतो, पण ते असो. १९३६ ला तो निवृत्त झाला, मायदेशी परतला आणि सांगू लागला की १९३९ ला न्यू फॉरेस्टच्या भागात आपल्याला जुन्या चेटक्यांच्या एका मंडळानं दीक्षा दिली. इंग्लंडात १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ ला रद्द झाला आणि १९५४ ला ह्यानं पुस्तक काढून जाहीर केलं, की ख्रिस्तापूर्वीचा आमचा धर्म गुपचूप जिवंत राहिलाय. १९९९ ला रोनाल्ड हटन या इतिहासकारानं जाड पुस्तक लिहून दाखवून दिलं, की ही अखंड परंपरा वगैरे काही नाही. विसाव्या शतकात जोडलेला, शिवलेला धर्म आहे हा. एक देवी, एक शिंगवाला देव, वर्षाचे आठ सण, कुणाला इजा न करता हवं ते करा हा एक नियम, आणि जे द्याल ते तिप्पट होऊन परत येईल हा दुसरा. (हा दुसरा नियम वाचून माझं डोकं सणकलं. कर्माचं फळ म्हणून गावाबाहेर राहिलेल्यांच्या पोरांना हे सांगू नका, साहेब.)

नवा धर्म म्हणून त्यांना हसणारे पुष्कळ आहेत. मी हसणार नाही. जुनं ते सोनं हे ज्याच्या घरात सोनं होतं त्यानं म्हणावं. सनातन म्हणजे काय चीज असते ते आपल्या पाठीला ठाऊक आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी १९५६ ला नागपुरात एका दिवशी नवं आयुष्य सुरू केलं, तेव्हा त्यांना कुणी वय विचारलं नव्हतं.

विक्कावाल्यांच्या आजूबाजूला आणखी बरेच आहेत. ड्रुइड, जर्मन-नॉर्वेकडचे जुने देव मानणारे, ग्रीक देव मानणारे. सगळ्यांना मिळून पॅगन म्हणतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या शिरगणतीत सुमारे ७४ हजारांनी स्वतःला पॅगन लिहिलं, १३ हजारांनी विक्का. शब्दाचं मूळ लॅटिन, अर्थ गावंढळ. शहरात ख्रिस्ती धर्म आला, खेड्यापाड्यातले जुने देव धरून राहिले, त्यांना हिणवायला हा शब्द चिकटला असं बरेच जाणकार सांगतात. आज ह्यांनी तीच शिवी उचलून छातीवर लावलीय. विच हा शब्दही तसाच. शिवीचं नाव कसं करायचं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, तेव्हा एवढ्यापुरता आपला त्यांना रामराम नाही, जयभीम.

तर येशू. ह्या लोकांची पोथी एक नाही, पोप नाही, शंकराचार्य नाही. म्हणून येशूबद्दलही एक मत नाही. पण राग आहे, आणि त्या रागाला कारण आहे. चौथ्या शतकाच्या शेवटी, ३९१–९२ ला, सम्राट थिओडोसियसनं जुन्या देवांची पूजा कायद्यानं बंद केली. ४१५ ला अलेक्झांड्रियात हायपेशिया नावाच्या गणित शिकवणाऱ्या विदुषीला ख्रिस्ती जमावानं फाडून मारलं. ७८२ ला शार्लमेन राजानं व्हर्डनला ४५०० सॅक्सन कैदी कापले, असं त्याच्याच दरबारी इतिवृत्तात आहे. आणि मग चेटकिणींचा शिकार-हंगाम. १४८६ च्या सुमारास एका पाद्र्यानं चेटकीण कशी ओळखावी, कशी छळावी याचं पुस्तकच छापलं. जुन्या करारात चेटकिणीला जिवंत ठेवू नका असं वाक्य आहे, ते हाताशी होतंच. माझ्या त्या पोरानं ‘संगत वाईट’ म्हटलं ते ह्या सगळ्याला धरून.

पण इथं आपण एक गोष्ट सरळ बोलू. पॅगन चळवळीत पुष्कळ वर्षं एक आकडा फिरत होता : नव्वद लाख चेटकिणी मारल्या. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसानं थोड्याशा कागदांवरून गुणाकार करून काढला आणि १८९३ ला माटिल्डा जोसलिन गेज या अमेरिकन बाईच्या पुस्तकातून तो दूरवर पोचला. आजचे इतिहासकार तीनेकशे वर्षांचा हिशेब चाळीस ते साठ हजार सांगतात, त्यात बहुतेक बायका. चाळीस हजार काय कमी आहेत? खरं रक्त असताना रंग कशाला ओतायचा? फुगवलेला आकडा शत्रूच्या हाती लागला की तो खऱ्या मढ्यांनाही खोटं ठरवतो. आणखी एक. त्या मेलेल्या बायका पॅगन नव्हत्याच. जवळजवळ सगळ्या साध्या ख्रिस्ती बायका होत्या. म्हाताऱ्या, विधवा, शेजारणीशी भांडलेल्या, भीक मागणाऱ्या. त्यांनी मरताना हाक मारली असेल तर ती येशूलाच. १६९२ ला अमेरिकेत सेलम गावात एकोणीस जणांना फासावर चढवलं, एका म्हाताऱ्याला दगडांखाली दाबून मारलं. तिथं पहिल्या आरोपींत एक गुलाम बाई होती, टिटुबा. मग सांगा, येशू कुणाच्या बाजूला होता? जाळणाऱ्यांच्या हातात त्याचं चिन्ह होतं आणि जळणारणीच्या तोंडात त्याचं नाव.

(आणि विच शब्द अभिमानानं मिरवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आमच्याकडं आदिवासी पाड्यांवर डाकीण ठरवून बाईला अजून ठेचतात. २०१३ ला दाभोलकरांचा खून पडल्यावर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. जो शब्द लंडनमध्ये लॉकेट होतो तो सातपुड्यात दगड असतो.)

छळ जुना झाला असंही नाही. अफगाणिस्तानात २००५ ला मेलेल्या एका अमेरिकन विक्का सैनिकाच्या स्मारकावर पाच टोकांची चांदणी कोरायला सरकार तयार नव्हतं. क्रूस चालत होता, इतर धर्मांची डझनावारी चिन्हं चालत होती. कोर्टकज्जे झाले तेव्हा कुठं २००७ ला सरकार नमलं. देशासाठी मर म्हणायचं आणि मेल्यावर दगडावर नाव कसं लिहायचं ते आम्ही ठरवणार. ओळखीचं वाटतंय ना?

आता गंमत बघा. ‘माणूस बरा, संगत वाईट’ हे त्या खलाशी पोराच्या डोक्यातून आलं असं मला वाटलं होतं. पण हे सतराशे वर्षांपूर्वी एक देवी बोलून गेलीय. हेकाटी, तिठ्यावरची, रात्रीची, चेटकाची ग्रीक देवी. आजचे विक्कावालेही तिला मानतात. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी नावाच्या पॅगन पंडितानं देवांचे कौल जमवले, त्यात हेकाटीचा कौल होता, की तो माणूस थोर, धर्मशील, त्याचा आत्मा वर गेलाय, पण त्याला देव करून भजणारे चुकलेत. हे आपल्याला कळतं ते संत ऑगस्टीनमुळे, कारण त्यानं खोडायला म्हणून ते लिहून ठेवलं. विरोधकाच्या पोटात आपला इतिहास सापडतो, हाही आपला जुना अनुभव.

दुसरा एक पॅगन, सेल्सस. हा सुमारे १७७ चा. ह्यानं येशूवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही मूळ उरलं नाही, उत्तर देणाऱ्या ओरिजेनच्या ग्रंथात तुकडे उरलेत. सेल्सस काय म्हणतो? की येशू गरिबीपायी इजिप्तला मजुरीला गेला, तिथं जादू शिकला आणि परत येऊन देव म्हणवून घेऊ लागला. आणि त्याच्या मागं कोण जमतं? तर लोकर पिंजणारे, चांभार, धोबी, गुलाम, बायका, पोरं. हा त्याचा दाखला, हा त्याचा टोमणा! मी हे वाचलं आणि सेल्ससच्या गालाचा मुका घ्यावासा वाटला. अरे बाबा, तू शिवी म्हणून लिहिलंस, आम्ही ओळखपत्र म्हणून वाचतो. परदेशी मजुरीला गेलेला, मागं चांभार-धोबी घेऊन फिरणारा माणूस. हा तर आमच्या नाक्यावर उभा असलेला दिसतो.

सम्राट ज्युलियन (राज्य ३६१–३६३) हा गादीवरचा शेवटचा पॅगन. त्यालाही कळलं होतं दुखणं कुठं आहे. तो आपल्या पुजाऱ्याला पत्रात चिडून लिहितो, की हे गॅलिलीवाले त्यांच्या गरिबांना तर जेवू घालतातच, आपल्याही गरिबांना घालतात. देवळं होती, यज्ञ होते, तत्त्वज्ञान होतं, ताट नव्हतं.

आजच्या पॅगनांत येशूला बघण्याच्या दोनतीन तऱ्हा दिसतात. काही म्हणतात शहाणा गुरू, बुद्ध-बिद्धांच्या रांगेतला. ही सभ्य माणसांची पळवाट. गुरू म्हटलं की ऐकायची जबाबदारी संपते. काही म्हणतात तो आमच्यातलाच, जादू जाणणारा. थुंकीनं माती कालवून आंधळ्याच्या डोळ्याला लावणारा, भुतं काढणारा, अंजिराच्या झाडाला शाप देऊन वाळवणारा. मॉर्टन स्मिथ या प्राध्यापकानं १९७८ ला ह्या बाजूनं पुस्तकच लिहिलं. मला ही तऱ्हा त्यातल्या त्यात आवडते, कारण जादू हे बहुधा गरिबाचं औषध असतं, डॉक्टर परवडत नाही त्याचं. काही जण तर ख्रिस्ती आणि विक्का एकदम आहेत, मेरीला देवी करतात. करोत.

माझं भांडण आहे ते चौथ्या तऱ्हेशी, कारण तीच सगळ्यात गोड आणि सगळ्यात घातकी. १८९० ला जेम्स फ्रेझर नावाच्या स्कॉटिश विद्वानानं ग्रंथ काढला. त्यात जगभरचे मरून उठणारे देव गोळा केले : ओसायरिस, अडोनिस, ॲटिस. पीक कापलं जातं म्हणून देव मरतो, पुन्हा उगवतं म्हणून उठतो. विक्कानं हे चाक उचललं. त्यांचा देव सुगीत मरतो आणि हिवाळ्यात रात्र सगळ्यात मोठी असते तेव्हा पुन्हा जन्मतो. मग बरेच पॅगन मोठ्या मनानं म्हणतात, येशू तरी कोण? कणसाचाच देव. मेला, उठला, भाकर झाला. या, बसा आमच्या देव्हाऱ्यात.

आदरानं बोलावतात, कबूल. पण दोस्तहो, देव्हाऱ्यात बसवून माणूस कसा मारतात ते आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? बुद्धाला हाकलता येईना तेव्हा त्याला विष्णूचा नववा अवतार केला. नमस्कार करून गिळला. म्हणून तर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञांमध्ये वेगळी ओळ घातली की बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही. पॅगनांचा कावा बामणी नाही, त्यांच्या हातात ना राज्य ना जात. पण तऱ्हा तीच.

कणीस मरतं तेव्हा खुनी नसतो. विळा असतो, ऋतू असतो. येशू ऋतूनं मेला नाही. इसवी सन ३० च्या आसपास जेरुसलेममध्ये पाँशियस पायलेट नावाच्या रोमन सुभेदाराच्या हुकमानं मेला. टॅसिटस हा रोमन इतिहासकार, स्वतः पॅगन, ख्रिस्त्यांचा तिटकारा करणारा, तोही सुभेदाराचं नाव देऊन हे नोंदवतो. आणि क्रूस ही काय चीज होती? गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा. इसवी सनापूर्वी ७१ ला स्पार्टाकसचं बंड मोडलं तेव्हा कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलाम असे टांगले होते. हा माणूस देवळात घुसला, सराफांची टेबलं उलथली आणि त्याच आठवड्यात टांगला गेला. आता ह्याला कणसाचा देव म्हणा, की सुभेदार सुटला, सराफ सुटले, पुरोहित सुटले. सगळं निसर्गाच्या नावावर.

चर्चनं तरी वेगळं काय केलं म्हणा. तो आपल्या सगळ्यांच्या पापांसाठी मेला! सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्याच नाही. आणि वर खुनाचा आळ शेकडो वर्षं ज्यूंच्या माथी मारला, रोमन सुभेदाराला हात धुऊन मोकळा सोडला. चर्चनं खुनी बदलला, पॅगननं खुनी पुसला.

आपल्याकडं पिकाचा राजा आहे, बळी. तोही दरवर्षी येतो. दिवाळीत बायका त्याचं राज्य यावं म्हणून ओवाळतात. फ्रेझरच्या वहीत तोही छान बसला असता. पण बळीच्या गोष्टीत एक पाय आहे, डोक्यावर ठेवलेला, आणि तो कुणाचा ते शेंबडं पोर सांगतं. वामनाचा. गोष्ट कितीही वेळा सांगा, पाय निघत नाही. जोतिबांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजा म्हटलं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, चर्चच्या दारात बसले नाहीत. बाहेरच्या माणसानं येशूकडं कसं बघावं याचा त्याहून चांगला नमुना मला तरी सापडलेला नाही.

आणि पॅगनांच्या घरात हे नाही असंही नाही. चार्ल्स लेलँड या अमेरिकनानं १८९९ ला इटलीतल्या चेटकिणींची म्हणून एक पोथी छापली, आराडिया. पोथी कितपत अस्सल यावर वाद आहेत. पण गोष्ट बघा. डायना देवी आपल्या लेकीला, आराडियाला, पृथ्वीवर पाठवते, कारण श्रीमंत गरिबांना गुलाम करून छळताहेत, गुलाम पळून डोंगरात राहताहेत. ती येऊन गरिबांना चेटूक शिकवते, मग्रूर जमीनदारांना विष घालायला शिकवते. देवाची लेक, गरिबांसाठी खाली आलेली! येशूची बहीणच की. विक्काच्या पूजेत आज जे देवीचं बोलणं म्हणतात त्याची सुरुवात ह्याच पोथीवरून घेतलीय. गुलामगिरीतून सुटका हा शब्द त्यात राहिला. जमीनदार मात्र वाटेत गळाला. कस्टमवाल्याच्या तपासणीत अडकला असेल.

सगळ्यांनीच तो गाळला असं नाही. स्टारहॉक ही अमेरिकेतली विक्का बाई, १९७९ ला तिचं पुस्तक आलं. १९९९ ला सिएटलमध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीविरुद्ध ती रस्त्यावर उतरली, तुरुंगात गेली. सराफांची टेबलं उलथायलाच गेली होती ना ती? तिला देवी लागते, मला लागत नाही. तो हिशेब आम्ही नंतर करू.

बोट सुटायच्या दिवशी सकाळची पाळी होती. चांदणीवालं पोरगं हॅचवर झाकणं बसवत होतं, फिलिपिनो त्याच्याबरोबर. मी खालून ओरडून विचारलं, तुझा तो बरा माणूस, त्याला मारला कुणी? पोरगं म्हणालं, चर्च. म्हटलं, चर्च तेव्हा नव्हतंच. ते गप्प झालं. फिलिपिनो झाकणावरून मान वर न करता म्हणाला, ‘गव्हर्नमेंट.’

मुकादमानं शिट्टी मारली. आम्ही दोर सोडले.